परमुलखातली पंगत

नाना, परवा तुमच्या तेराव्याची गंधमुक्ती. सुमनच्या आईनं पिशव्या भरून ठेवल्या आहेत, जावई प्रकाशरावांसाठी टॉवेल-टोपी आणून झाली आहे, धुळ्याहून सकाळची कुठली गाडी धरायची तेही ठरलं आहे. ठरलेलं नाही ते एकच. दुपारी तुमच्या ओसरीत पंगत बसेल, तेव्हा मी काय करायचं?

तुम्ही असतात तर आपल्या व्याह्याला हसला असतात. "याही, मी मरून गेलो तरी तुमचं तेच?" हो, तेच. समोरचा माणूस उठून गेला म्हणून वाद मिटत नसतो, उलट तो सगळाच्या सगळा आपल्या गळ्यात पडतो. तुम्ही सुटलात. मी इथे पुढच्या खोलीत पंख्याखाली वही घेऊन तुमच्याशी भांडतो आहे, आणि सुमनची आई मधूनमधून दारातून डोकावते आहे, ह्यांना काही झालं तर नाही ना म्हणून.

आमच्या घराण्याची रीत तुम्हाला नव्यानं सांगायला नको. मुलीला मूल होईपर्यंत बापानं तिच्या सासरचं अन्न खायचं नाही, पाणीसुद्धा प्यायचं नाही. आजोबांनी पाळली, वडिलांनी पाळली. आत्याला पहिला मुलगा झाला तेव्हा वडील तिच्या घरी पहिल्यांदा पाणी प्यायले आणि पेला हातात धरून रडले, हे मी लहानपणापासून ऐकत आलो. सुमन तुमच्या प्रकाशरावांना दिली, धुळ्याची पोर रावेरकडच्या तुमच्या केळीच्या गावात नांदायला आली, तेव्हा मला वाटलं, वर्ष-दोन वर्षांचा तर प्रश्न आहे. तेवढ्यापुरता मी बाजारातून एक फिरकीचा तांब्या घेतला. घरून पाणी भरायचं, झाकण फिरवून घट्ट करायचं, तुमच्या ओट्यावर बसायचं, तहान लागली की त्यातलंच प्यायचं आणि जेवणवेळ व्हायच्या आत उठायचं.

त्या तांब्याचा तुम्हाला फार राग. "घरात इहीर हाये, बागंले रातदिवस पानी चालू हाये, आन् माहा याही मांडीवर तांब्या घेऊन बसते. लोकाहिले काय वाटीन?" एका आखाजीच्या सणाला मी सुमनला माहेरी न्यायला आलो, तर तुम्ही तो तांब्या चक्क कडब्याच्या गंजीत लपवलात. मला वाटतं, तुमचा हिशेब असा होता की वैशाखाच्या उन्हात हा माणूस किती दम धरणार, मागेल पाणी. मी नाही मागितलं. तसाच सुमनला घेऊन गाडीत बसलो आणि भुसावळच्या नळापर्यंत जीभ टाळूला चिकटलेली होती. सुमन शेजारी बसून माझ्याकडे बघत होती. पुढच्या आठवड्यात तुम्ही माणसाबरोबर तांब्या परत पाठवलात, आत घरच्या म्हशीचं तूप भरून. ते तूप खाणंही रीतीत बसत नव्हतं. सुमनच्या आईनं ते देवापुढच्या दिव्याला लावलं. महिनाभर आमच्या घरात तुमच्या तुपाचा दिवा जळत होता, आणि हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही, कारण तुम्ही ते गावभर सांगितलं असतंत.

वर्ष-दोन वर्षांचा प्रश्न राहिला नाही. सुमनला मूल झालं नाही. जळगावचे डॉक्टर झाले, मुंबईचे झाले, कुणी म्हटलं ते उपास झाले. तांब्याची कल्हई गेली, मी ती दोनदा करून घेतली. सुमनच्या आईला मी एकदा म्हटलं, पुरे झालं आता, जेवून टाकतो तिच्या घरी. ती एकदम तडकली. "पोरनं घर शे ते, खानावळ नही. तुम्ही जेवनात म्हंजे आशा सोडी दिधी असं व्हई. तिले काय वाटी?" तेव्हापासून माझ्या डोक्यात ते पक्कं बसलं. मी न जेवणं म्हणजे सुमनला मूल होणार आहे. मी जेवलो म्हणजे होणार नाही. नाना, तुम्ही ह्याला वेडेपणा म्हणायचात. बाप नावाचा माणूस ह्याहून फार शहाणा असतो असं मला अजूनही वाटत नाही.

पण एक गोष्ट तोंडभरून सांगायची राहिली, ती आता सांगतो. तुमच्या कापूसपट्ट्यातल्या एका भाऊबंदानं भर ओट्यावर, मी तिथेच तांब्या घेऊन बसलेला असताना, प्रकाशरावांच्या दुसऱ्या लग्नाचा विषय काढला होता. नावाला इकडचं-तिकडचं बोलणं होतं, रोख माझ्याकडे होता. मी तांब्याचं झाकण फिरवत राहिलो. मुलीकडचा माणूस अशा वेळी काय बोलणार? तुम्ही तेव्हा सुपारी कातरत होतात. मान वर न करता म्हणालात, "बागंत एखादं खोड उशिरा निसवते, उशिरा घड टाकते. आमी केयीवाले लोक त्याले उपटून फेकत नही. तुमच्याकडे कापसात काय करता मले मालूम नही." तो माणूस चहा न घेता उठला. पुन्हा त्या घरात तो विषय निघाला नाही, निघाला असेल तर सुमनच्या कानापर्यंत तुम्ही येऊ दिला नाहीत. त्या दिवशी मी तुमच्या पाया पडायला हवं होतं. पण मीही मुलीचा बाप, पाया पडण्यात माझी उभी हयात गेलेली, त्यामुळे नेमकं तेव्हा सुचलं नाही.

नेपाळचं खूळ तुमच्याच डोक्यातलं. गावात रंगीत टीव्ही आला त्या सुमाराची गोष्ट. तुमच्या घरच्या अक्का आधीच गेल्या होत्या, तुमच्या गावची मंडळी यात्रेची बस करून पशुपतिनाथाला निघाली होती आणि तुम्हाला शेजारच्या सीटवर बडबड ऐकून घेणारं माणूस हवं होतं. माझी पाटबंधाऱ्याची नोकरी नुकतीच संपली होती. मी आलो. काशी झाली, गोरखपूर झालं, सोनौलीची सरहद्दीवरची कमान आली. बसमधले सगळे उतरून कमान चालत ओलांडत होते. तुम्ही माझा हात धरून मला पलीकडे नेलंत, रस्त्याकडेच्या मोरीवर बसवलंत आणि पिशवीतून एक डबा काढलात. आत दुधातल्या दशम्या, लसणाची चटणी आणि बिबड्याचे पापड. सुमननं केलेलं. तुमच्या शेतातली ज्वारी, तुमच्या घरच्या म्हशीचं दूध.

"आता परदेश लागला," तुम्ही म्हणालात. "माह्या सुनंचं घर त्या कमानीच्या तिकडे राह्यलं. तुमची रीत आपल्या मुलखापुरती हाये. इठी त जेवा."

मी कायदा शोधत होतो मनातल्या मनात. तो सापडेपर्यंत तुम्ही दशमी मोडून अर्धी माझ्या हातात दिलीत. आठवडाभराच्या प्रवासानं ती खापरासारखी झाली होती. दाढेखाली धरून ओली करावी लागत होती. सुमन माहेरी आली की माझ्यासाठी स्वयंपाक करायचीच, पण तो पाहुण्या लेकीचा स्वयंपाक. तिच्या स्वतःच्या संसारातलं, तिच्या चुलीवरचं मी त्या दिवशी पहिल्यांदा खाल्लं. रस्त्यावर ट्रक धूळ उडवत होते आणि आपण दोघे म्हातारे मोरीवर बसून कडाकडा दशम्या फोडत होतो. तुम्ही विचारलंत, "कशी झाली?" मी म्हटलं, मीठ कमी आहे. तुम्ही एवढे हसलात की ठसका लागला.

त्यानंतर दर वर्षी. बसला काठमांडूची घाई असायची, पण पोखऱ्याला दोन-तीन दिवस मुक्काम, आणि आपलं खरं तीर्थ ते. तिथे तळ्याकाठी गोरे लोक चड्ड्या घालून नुसते बसलेले असत. "एवढ्या लांबून हे नुस्ते बसाले येता?" तुम्ही पहिल्या वर्षी विचारलंत. तिसऱ्या वर्षापासून तुम्हीही तेच करत होतात, फक्त धोतर नेसून. घाटावरचा तो म्हातारा नावाडी. सेती नदीवरचा पूल, जिथे नदी जमिनीच्या पोटात इतकी खोल गेली आहे की पाणी दिसत नाही, नुसतं ऐकू येतं. "आमच्या तापीचं असं झालं असतं त मोटार कोठी टाकली असती?" हे तुम्ही दर वर्षी त्याच कठड्याला टेकून म्हणायचात आणि मी दर वर्षी हसायचो. तळ्यापासून जरा वर पिंपळाखाली दगडी पार, त्याला ते लोक चौतारी म्हणतात, तिथे आपली दुपार जायची. आणि त्याच्या मागे दिदीचं भोजनालय. सुमननं ज्वारी-उडीद दळून दिलेलं कळण्याचं पीठ तुम्ही बसमधून पोटाशी धरून न्यायचात, दिदीच्या चुलीपुढे उकिडवे बसून तिला भाकरी थापायला शिकवायचात, निखाऱ्यात वांगं भाजायचात आणि तिकडच्या वांग्यांना शिव्या घालायचात. "ह्याच्यात बियाच बिया. भरताचं वांगं कसं लोन्यावानी पाह्यजे." मग चौतारीवर एक पितळी, दोन माणसं. गावाकडे जे होत नव्हतं ते तिथे होत होतं.

दुसऱ्या की तिसऱ्या खेपेला तर तुम्ही घरच्या बागेतला केळीचा कंद पोत्यात घालून नेलात. तिथे डोंगरभर केळी उगवलेल्या दिसत असताना! मी म्हटलं, नाना, हे म्हणजे तापीला पाणी नेऊन घालणं. "ती केयी हाये, ही बसराई हाये," तुम्ही म्हणालात आणि दिदीच्या परसात खड्डा खणायला घेतलात. लागली ती. दर वर्षी आपण जाईपर्यंत तिच्या बुडाला नव्या फुटलेल्या पिलांची दाटी झालेली असायची, आणि तुम्ही पोहोचल्या पोहोचल्या, चहाही न घेता, दिदीकडे ठेवलेला विळा मागून एक जोमदार पील राखून बाकीची कापून काढायचात. दिदी कळवळायची, कशाला मारता बिचाऱ्यांना. तुम्ही सांगायचात, सगळी ठेवली तर एकही पोसत नाही. केळीच्या धंद्यात दया करायची नसते. एवढा एक तुमचा नेम त्या गावात कधी चुकला नाही.

ह्या वर्षी तुमच्या गळ्याखाली घास उतरेना. अन्ननलिकेचं दुखणं. डॉक्टरांनी प्रकाशरावांना बाजूला घेऊन सांगितलं, आणि तुम्ही प्रकाशरावांना बाजूला घेऊन काढून घेतलंत. दुधात केळं कुस्करून गाळून घ्यायचं, एवढंच जेवण उरलं होतं. अशात तुम्ही म्हणालात, मी नेपाळला जाणार. घरात कोणी तयार नव्हतं. बसवालेही नाही म्हणत होते. शेवटी मी हमी घेतली. प्रकाशराव माझ्यावर चिडले होते, त्यांचं चुकलं नाही. "मले चार ठिकानी हात जोडून यायचं हाये," तुम्ही त्यांना सांगितलंत. "देवाले नही. तशाच ठिकानी."

बस सुटताना सुमन आली. हातात डबा होता, नेहमीचाच, दोघांपुरता. तुम्हाला पाणीसुद्धा चमच्यानं प्यावं लागत होतं हे तिच्याइतकं कोणाला माहीत होतं? तरी दोघांपुरता. तिनं तो तुमच्या मांडीवर ठेवला आणि तुमच्याकडेही न बघता, माझ्याकडेही न बघता घराकडे वळली.

सोनौलीला तुम्ही मोरीवर बसलात आणि डबा उघडून माझ्यापुढे धरलात. मला खाववेना. तुम्ही बघत राहणार आणि मी दशमी चावणार, हे कसं व्हायचं? मी तसं बोललो. तुम्ही म्हणालात, "सुमन काय माह्यासाठी करत होती का इतके वरीस? तुमच्यासाठी करत होती. मी त नुस्ता हमाल." मी खाल्ली. दशमी कडक होती की नाही ते आठवत नाही.

पोखऱ्याला पोहोचलो त्या संध्याकाळी घाटावर गेलो. नावाड्यानं ओळखलं, पण तुमच्याकडे बघून त्याचा चेहरा उतरला. बेटावरच्या देवीकडे न नेता तळ्याच्या मध्यावर न्यायला तुम्ही सांगितलंत आणि वल्ही थांबवायला लावलीत. हात बुडवून बसलात. मग पाण्यालाच हात जोडलेत. मी विचारलं, देवीला नाही का? "देवी बठ्ठीकडे हाये, गावोगाव हाये, याही. हे पानी इठीच हाये." मला तेव्हा कळलं की आपण कशासाठी आलो आहोत. तोवर मी स्वतःला समजावत होतो की हवापालट म्हणून आलोय.

दुसऱ्या दिवशी पूल. कठड्याला टेकून तुम्ही कान दिलात. मी वाट बघत होतो की आता तापीचं आणि मोटारीचं येईल. तुम्ही हात जोडलेत आणि चला म्हणालात. शेवटी मीच म्हटलं, "आमच्या तापीचं असं झालं असतं तर मोटार कुठे टाकली असती?" माझ्या तोंडी ते बरोबर लागलं नाही. तुम्ही माझ्या खांद्यावर हात ठेवलात आणि तो हात बसपर्यंत तिथेच होता. किती हलका झाला होता तुमचा हात.

दिदीच्या परसात केळीचं बन माजलं होतं. दिदीनं तुम्हाला बघितलं आणि आत जाऊन विळा आणला. तुम्ही तो हातात घेतलात, धार अंगठ्यानं बघितलीत, बुडाशी वाकलात. बराच वेळ तसे वाकून उभे होतात. मला वाटलं, ताकद नाही, मी पुढे झालो. तुम्ही विळा मागे घेतलात. "राहू दे," म्हणालात. "एवढ्या वर्षी बठ्ठी राहू दे." आणि विळा दिदीला परत दिलात. मग केळीलाही हात जोडलेत. नाना, डॉक्टरचं बोलणं मी ऐकलं होतं, तुमची पाठ दिवसेंदिवस वाकताना पाहिली होती, तरी तुम्ही जाणार हे मला त्या क्षणी पटलं. पिलं न कापता केळीवाला मागे फिरला, तेव्हा. दिदी म्हणाली, "अर्को साल पनि आउनुहोस् है, बा." पुढच्या वर्षी पण या म्हणून. तुम्ही मान हलवलीत. तुम्हाला खोटं बोलताना मी तेवढंच एकदा पाहिलं.

निघायच्या दिवशी दुपारी चौतारी. दिदीनं कळण्याच्या भाकरी करून दिल्या होत्या, तुमच्या शिकवणीनं आता छान थापते. पितळी मध्ये ठेवलीत, माझ्याकडे सरकवलीत, आणि विचारलंत.

"आता गावाकडे, माह्या घरी, जेवसान ना?"

मी म्हटलं, "सुमनला होऊ द्या काहीतरी. जेवीन की."

"पोरगं नही झालं, त तिच्या भाकरीनं काय केलं?"

"नाना, तुम्हीच म्हणायचात, उशिरा निसवतं एखादं खोड."

"म्हने मी. म्हने. लोकाहिले गप कराले म्हने." तुमचा आवाज बसका झाला होता, घशातून घासत निघत होता. "आता तिच्या केसात पांढरं आलं, याही. तुमी पाह्यलं नही? तुमी येता, तांब्या ठेवता, जेवनाच्या आधी उठून जाता. तिले दर वेयी मालूम पडते की आबा अजून वाट पाहून राह्यले. तुमी वाट पाहता म्हनून तिले बी पाहा लागते. थांबा ना आता. तिले बी थांबू द्या."

मी चिडलो. आजारी माणसावर चिडू नये हे कळत असून चिडलो. म्हटलं, तुमच्या घरात सून आहे ती, माझी लेक आहे, तिची आशा सोडायला मला सांगू नका. तुम्ही चौतारीचा पार हातानं झाडलात, जसा घरचा ओटा झाडावा तसा, हात जोडलेत आणि बसकडे चालू लागलात. पितळी मी दिदीकडे नेऊन दिली. भाकरी तशीच होती.

परतीच्या वाटेवर आपण सगळं बोललो. कापसाचे भाव, प्रकाशरावांचं ठिबक, गोरखपूरचे डास. तेवढं सोडून सगळं.

मग शेजारच्या बूथवर फोन आला. मी पोहोचलो तेव्हा तुम्हाला ओट्यावर ठेवलं होतं, जिथे मी तांब्या घेऊन बसायचो त्याच जागी. तुमच्या घरात चूल बंद होती. नदीवरून आल्यावर शेजाऱ्यांनी पिठलं-भाकरी आणली आणि सगळ्यांबरोबर मीही तो कडू घास खाल्ला. कोणीतरी हळूच म्हणालं, आबा जेवले. नाही, नाना. तो शेजारचा घास होता. तुमच्या घरचा नव्हता. त्या वेळीही माझं मन हे बरोबर मोजत होतं, आणि तुम्ही असतात तर मला धरून हलवलं असतंत.

इथपर्यंत लिहून थांबलो होतो. जाऊन आलो. आता उरलेलं लिहितो.

मी उगाच काळजी करत होतो. टोपी घालून झाली, ओसरीत पंगत बसली, वरण-बट्टी, घोटलेली वांगी, सगळं तुम्हाला आवडायचं तसं. मी खांबाला टेकून बसलो होतो. वाढपी पत्रावळी मांडत आला आणि माझ्यासमोरची जागा सोडून सरळ पुढे गेला. गावाला माहीत होतं ना. इतक्या वर्षांत सगळ्यांना पाठ झालं होतं की ह्या माणसापुढे पान मांडायचं नाही. म्हणजे मला काही ठरवायचंच नव्हतं. तांब्या मांडीवर धरून बसून राहिलो असतो तर कोणी एक शब्द बोललं नसतं.

मी तांब्या घेऊन उठलो आणि आत गेलो. तुमच्या स्वयंपाकघरात मी पहिल्यांदाच पाऊल टाकलं, नाना. धुरानं काळी झालेली फळी, त्यावर डबे, आणि त्यात तो आपला डबा. सुमन चुलीपाशी होती. बाहेर आचारी लावलेले होते, पण तुमच्या नैवेद्याच्या ताटात ठेवायला तिनं कळण्याची भाकरी स्वतः थापली होती. एक ठेवायची, तर दोन थापल्या होत्या. हात सवयीचा. तिच्या केसात पांढरं आलं आहे, नाना. भांगाजवळ, बरंच.

मी मोरीपाशी जाऊन तांब्यातलं धुळ्याचं पाणी ओतून टाकलं. रिकामा तांब्या तिच्यापुढे धरला. म्हटलं, "ह्याच्यात पाणी दे. आणि ती भाकरी वाढ."

तिनं मग माठातून पाणी काढून तांब्या भरला, खाली ताट ठेवलं, भाकरी ठेवली, वर चटणी ठेवली. मी तिथेच जमिनीवर बसलो. भाकरी मऊ होती. इतकी वर्षं मी तिच्या चुलीवरचं दगड झालेलं खात आलो, ताजं कसं लागतं ते मला माहीतच नव्हतं. मी पहिला घास तोंडात घातला आणि सुमन भिंतीकडे तोंड करून रडायला लागली. हुंदके देऊन, अंग हलवून. तुम्ही गेलात त्या दिवशीसुद्धा ती अशी रडली नव्हती.

बाहेरून बायका धावत आल्या. त्यांनी तिला धरलं, पाठीवरून हात फिरवला. एक म्हणाली, "सासऱ्यावर लई जीव होता हो पोरीचा." होताच. पण ती कशासाठी रडत होती ते त्या भरल्या घरात फक्त मला ठाऊक होतं. आणि तुम्ही असतात तर तुम्हाला.

मी भाकरी संपवली, नाना. एक तुकडा ताटात ठेवला नाही.